यंत्र विकले, मजकुराचे काय?

बदलीचा हुकूम हाती पडला की बिऱ्हाड हलविण्याच्या धांदलीत नकोशा वस्तूंची जी यादी होते, तीत आता जुन्या संगणकाची भर पडली आहे. ट्रकमधून नेण्याइतकी त्याची किंमत उरलेली नसते आणि भंगारात द्यावयास मन धजत नाही. मग जाहिरात दिली जाते, अनोळखी माणसे दारी येतात, घासाघीस होते आणि अखेर मिळेल त्या किमतीला यंत्र घराबाहेर पडते. यात गैर काही नाही. किंबहुना एखाद्या गरजू विद्यार्थ्याला त्यामुळे स्वस्तात संगणक मिळतो, हे चांगलेच आहे.

या व्यवहारात विक्रेत्याला भीती वाटते ती फसवणुकीची. ती अनाठायी नाही. 'पैसे पाठवितो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन घाला' असे सांगणारे भामटे ग्राहक म्हणून पुढे येतात. यूपीआयने पैसे स्वीकारण्यास पिन लागतच नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो या सापळ्यातून सुटतो. परंतु ग्राहक प्रामाणिक असला आणि त्याने रोख रक्कम मोजून दिली, तरी एक धोका उरतोच.

अमेरिकेतील 'एमआयटी' या संस्थेत सिमसन गारफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्याने २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू होत्या. पूर्णपणे पुसलेल्या आढळल्या अवघ्या १२! उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक, खाजगी पत्रे, वैद्यकीय माहिती असा ऐवज सापडला. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? फाइल 'डिलीट' करणे म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीतील कार्ड काढून टाकणे होय. ग्रंथ फडताळातच राहतो. त्या जागी दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना परत वाचता येतो. म्हणून संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून ती पुसावी लागते. नव्या 'एसएसडी'त मजकूर कोठे ठेवायचा हे आतील यंत्रणाच ठरविते; तेथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोयच वापरावी. हेही जमत नसेल तर डिस्क काढून जवळ ठेवावी आणि उरलेले यंत्र विकावे. किंमत थोडी कमी येईल, इतकेच.

प्रश्न केवळ स्वतःच्या सुरक्षिततेचा असता, तर तो ज्याच्या त्याच्यावर सोडता आला असता. पण शिक्षकाच्या संगणकात विद्यार्थ्यांचे गुण आणि पालकांचे दूरध्वनी असतात. कारकुनाच्या संगणकात सहकाऱ्यांची वेतनपत्रके आणि आधार क्रमांक असतात. ही इतरांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. ती विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला खरा. तथापि व्यक्तीने घरगुती कारणासाठी बाळगलेल्या माहितीला तो लागू नाही. तेथे पहारा देणारा विवेकच असतो.

घर सोडताना कपाटाचे सारे कप्पे पुन्हा एकवार उघडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. संगणकालाही असा एक कप्पा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो आठवणीने रिकामा करावयास हवा.