कंबरदुखी आणि इंजेक्शनचा उपचार

जबलपूरच्या राइट टाउन भागात दवाखाने पुष्कळ आहेत. तेथे काय किंवा अन्य कोणत्याही शहरात काय, जुनाट कंबरदुखीने गांजलेल्या रुग्णाला औषधे व शेक यांनी गुण आला नाही, की कमरेत इंजेक्शन घेण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. या उपचाराने काय साधते, हे जाणून घेणे म्हणूनच हिताचे होय.

पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती मागे सरकली म्हणजे शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो, तेथे दाह होतो आणि कळ नितंबातून थेट पायात उतरते. हीच सायटिका. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी तिचा चकतीशी असलेला संबंध स्पष्ट केला. त्यापूर्वीच, १९०१ साली, पॅरिसमध्ये सिकार आणि कातलाँ यांनी माकडहाडाच्या वरील छिद्रातून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत कोकेन टोचून वेदना शमविल्या होत्या. १९५० नंतर स्टेरॉइड औषधे या कामी येऊ लागली. बधिर करणारे औषध वेदनेचे संदेश काही काळ अडविते. स्टेरॉइड दाह कमी करते. सरकलेली चकती मात्र यांपैकी कोणतेच औषध जागेवर आणीत नाही.

म्हणून दुखणे पायात उतरते की कमरेतच राहते, हा प्रश्न मोलाचा ठरतो. २०१६ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने केवळ कंबरदुखीसाठी कण्यात इंजेक्शन देऊ नये, मात्र तीव्र आणि नव्या सायटिकेत त्याचा विचार करावा, असे सुचविले. २०२० साली कॉक्रेन संस्थेने केलेल्या आढाव्यात सायटिकेतही लाभ अल्प व अल्पकालीन आढळला. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी तर २०२५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींत या इंजेक्शनांना स्पष्ट नकार दिला आहे. सर्वच तज्ज्ञांना मात्र हे मत मान्य नाही.

धोके क्वचित उद्भवतात, पण ते उपेक्षणीय नव्हेत. २०१२ साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडमुळे साठाहून अधिक रुग्ण दगावले. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे अगत्याचे आहे.

इंजेक्शनाने उसंत मिळालीच, तर ती चालणे व व्यायाम पुन्हा सुरू करण्यासाठी वापरावी. लघवी अडणे, गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पाय लुळे पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र इंजेक्शनाची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे.