वापरून परत आणा

घरातलं वयस्क माणूस न्हाणीघरात घसरतं, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते आणि काही दिवसांत डॉक्टर घरी सोडतात. सोडताना सांगतात, वॉकर आणा, कमोड खुर्ची आणा, जमलं तर एअर बेडही बघा. दवाखान्याच्या बिलाने घर आधीच वाकलेलं असतं, त्यात हा काही हजारांचा नवा खर्च. आणि या वस्तू बहुतेक घरांत लागतात त्या दोन-तीन महिने. मग त्या माळ्यावर जातात. गरज निकडीची पण थोड्या काळाची आणि वस्तू मात्र टिकाऊ, या एवढ्या हिशेबावर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांचं काम उभं आहे.

ती चालवणारे कुठे ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद असतात, कुठे गणेशोत्सव मंडळाची मुलं, कुठे एखादं महिला मंडळ. एक छोटी खोली, शक्यतो तळमजल्यावरची, कारण खाट जिन्यावरून उतरवणं दोघांचंही काम नाही. भिंतीला टेकलेले वॉकर, घडी घातलेल्या व्हीलचेअर, कोपऱ्यात कुबड्या आणि सलाईनचे स्टँड. खोली संध्याकाळी दोनेक तास उघडते, पण दारावर फोन नंबर लिहिलेला असतो आणि तो रात्री-अपरात्रीही वाजतो.

आलेल्या माणसाकडून डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स घेतात, वहीत नाव, पत्ता, तारीख लिहितात. फोन नंबर दोन घेतात. दुसरा रुग्णाच्या घराबाहेरच्या कुणाचा तरी लागतो, कारण घरातल्यांचा फोन पुढे दवाखान्याच्या धावपळीत लागेलच असं नाही. वस्तूच्या किमतीच्या मानाने अनामत रक्कम घेतात, महिन्याला नाममात्र शुल्क. काही केंद्रं शुल्कही घेत नाहीत.

अनामत किती ठेवावी, हा या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे असं मला वाटतं. फार कमी ठेवली तर वस्तू परत येत नाही आणि पुढच्या रुग्णाला नाही म्हणावं लागतं. जास्त ठेवली तर ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच दारातून मागे फिरतो. जाणती केंद्रं यातून वाट काढतात ती ओळखीची. वस्तीतला एखादा शिक्षक, दुकानदार किंवा आशाताई हमी देते आणि अनामत माफ होते. हा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण त्यावरच कितीतरी खुर्च्या योग्य घरी पोचतात.

खरं काम वहीत सही झाल्यावर सुरू होतं. मी पाहिलेल्या एका केंद्रातल्या ताई व्हीलचेअर न्यायला आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात, “संडासाचं दार मोजून आलात का?” साधी घडीची व्हीलचेअर बाहेरून २५-२६ इंच रुंद असते आणि जुन्या इमारतींत संडासाचं दार अनेकदा २४ इंचांचं किंवा त्याहून अरुंद. मोजलं नसेल तर त्या खुर्ची देतातच, पण सोबत कमोड खुर्चीही घ्यायला लावतात. “नंतर परत खेप घालू नका, दादा. आत्ताच न्या.”

मग त्या नेणाऱ्याला खुर्चीत बसवून दाखवतात. बसण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर उचलायच्या. पायपट्टीवर उभं राहून बसायला गेलं की खुर्ची पुढे उलटते. वॉकर असेल तर उंची जुळवून देतात. रुग्ण सरळ उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा वॉकरची मूठ मनगटाशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. उंच वॉकरने खांदे दुखतात, बुटक्याने माणूस पुढे झुकतो आणि पुन्हा पडतो. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय.

एअर बेडचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडांवर सतत दाब राहतो, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि कातडी मरायला लागते. हीच शय्याव्रणं. एअर बेडच्या नळ्या छोट्या पंपाने आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे एका जागी दाब फार वेळ राहत नाही. पण घरचे प्रेमापोटी त्यावर जाड गोधडी घालतात आणि त्याचा उपयोगच संपतो. वर एकच पातळ चादर हवी. सेफ्टी पिन जवळ नको. आणि एअर बेड असला तरी रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावीच लागते. हे नीट समजावलं नाही तर बेड देऊनही जखमा होतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं प्रकरण वेगळं. हे यंत्र खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजात अडकवतं आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर अशी पुष्कळ यंत्रं देणगीत आली. नुसती ठेवली की झिओलाइट दमट हवेतलं पाणी पितं आणि ऑक्सिजनचं प्रमाण उतरतं. म्हणून मागणी नसली तरी ती मधूनमधून चालवावी लागतात. वीज लागते, म्हणून घरी पर्यायी सिलिंडर आहे का हे विचारल्याशिवाय देऊ नयेत.

वस्तू परत येते तेव्हा ती साबणाच्या पाण्याने धुतात, मग पातळ केलेल्या सोडियम हायपोक्लोराइटने पुसतात. त्याने लोखंड गंजतं, म्हणून पुन्हा साध्या पाण्याने पुसून कोरडी करतात. ब्रेक, चाकांचे बेअरिंग, वॉकरच्या पायांचे रबरी बूट तपासतात. झिजलेला बूट ओल्या फरशीवर सटकतो.

पण वस्तू परत आणणारा माणूस बरा झालेल्याच्या घरचा असतो असं नाही. कित्येकदा दहावं-तेरावं उरकून मुलगा किंवा सून येते. या क्षणाला केंद्राची माणसं कशी वागतात, त्यावर मी त्यांचं काम जोखतो. ताई वही उघडत नाहीत. आधी बसायला सांगतात, पाणी देतात, “शेवटी त्रास झाला का हो?” विचारतात आणि ऐकून घेतात. महिनोन् महिने सेवा केलेल्या सुनेला हा प्रश्न इतर कुणी विचारलेलाच नसतो. नातेवाइकांनी रक्षाविसर्जन, दहावा, जेवणं विचारलेली असतात. अनामत परत देण्याची गोष्ट सगळ्यात शेवटी निघते, आणि पुष्कळ जण ती ठेवून घ्या म्हणतात. व्हीलचेअरच्या पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं दिसतं ते बहुधा अशाच रकमेतून.

ज्या मंडळांकडे शीतशवपेटी असते त्यांना फोन दूरच्या गावी किंवा परदेशी असलेल्या मुलाची वाट पाहायची असते तेव्हा येतो. पेटी जड, लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून इमारतीच्या पार्किंगमध्ये ठेवावी लागते आणि वीज अखंड लागते. मंडळाची पोरं टेम्पोतून ती आणतात, वायर ओढतात, आणि कुणी न सांगता खुर्च्या मांडतात. अशा वेळी घरच्यांना काहीही सुचत नसतं. दाखला कुठून घ्यायचा, स्मशानात कुणाला कळवायचं, हे त्या पोरांना पाठ असतं.

केंद्रातली माणसं आणखी एक मोलाची गोष्ट देतात, ती म्हणजे माहिती. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, समाजसेवा अधीक्षकांना भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं तर एखादं घर कर्जातून वाचतं.

असं केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदणीला फार भांडवल लागत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते, दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. ८०-जीची मान्यता मिळाली तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलत मिळते, मात्र रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर नाही. अडचण येते ती पुढे. नवी व्हीलचेअर द्यायला देणगीदार सहज मिळतो, तिचं पुढचं चाक बदलायला मिळत नाही. टेम्पोचं भाडं, खोलीचं वीजबिल, एअर बेडचा पंप यांवर कुणाचं नाव रंगवता येत नाही. देणगी द्यायची असेल तर ‘दुरुस्तीसाठी’ असं पावतीवर लिहून द्या. आणि माळ्यावर पडलेला वॉकर द्यायचा असेल, तर आणण्याआधी त्याचे चारही रबरी बूट बघा. झिजले असतील तर नवे बसवून आणा, म्हणजे तो त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाऊ शकेल.