आडनावाच्या अलीकडे, आडनावाच्या पलीकडे

माझ्याकडे लॉर्ड्सचं एक जुनं छापील गुणपत्रक आहे. १९३०च्या दशकातल्या एका कौंटी क्रिकेट सामन्याचं. मधोमध घडी पडलेलं, मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं धावा मांडलेल्या. लंडनला चेरिंग क्रॉस रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते वीस वर्षांपूर्वी मिळालं. मुक्कामी येऊन नीट पाहिलं तर काही खेळाडूंची आद्याक्षरं आडनावाच्या आधी होती आणि बाकीच्यांची आडनावाच्या नंतर. मला वाटलं, छापखान्याची गफलत. दुसऱ्या दिवशी तोच कागद एका इंग्रज स्नेह्याला दाखवला. ते म्हणाले, "गफलत नाही. ज्यांची अक्षरं आधी ते जंटलमेन, ज्यांची नंतर ते प्लेअर्स." जंटलमन हौसेनं खेळायचा, प्लेअर पोटासाठी. ब्रिटनमधली वर्गव्यवस्था मला कळली ती त्या घडी पडलेल्या कागदावरून, आणि तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही.

अभ्यासकांनी काय केलं ते आधी थोडक्यात सांगून टाकतो. चार्ल्स बूथनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे रस्ते उत्पन्नाप्रमाणे रंगवले. सगळ्यात गरीब गल्ल्या काळ्या, सगळ्यात श्रीमंत पिवळ्या. १९११च्या जनगणनेपासून सरकार धंद्यावरून वर्ग ठरवू लागलं. २००१मध्ये नवी आठ वर्गांची मांडणी आली. २०१३ साली बीबीसीच्या मोठ्या पाहणीतून सात वर्ग पुढे आले. वर सहा टक्के अभिजन आणि तळाशी पंधरा टक्के अस्थिर रोजगारावर जगणारे. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१६चा एक आकडा. त्या वर्षीच्या सामाजिक पाहणी अहवालात साठ टक्के लोकांनी स्वतःला कामकरी वर्गातलं म्हटलं, आणि व्यवस्थापकाच्या किंवा वरच्या हुद्द्याच्या नोकरीत असलेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांनी तेच सांगितलं. म्हणजे तिथे वर्ग पगारावर संपत नाही. बाप काय करत होता, शाळा कुठली, बोलताना स्वर कसा लागतो, हे सगळं माणसाबरोबर आयुष्यभर चालतं. क्रिकेटमध्ये तर ते कागदावर छापलेलंच होतं.

जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स हा सामना पहिल्यांदा १८०६ साली झाला आणि शेवटचा १९६२च्या सप्टेंबरात, स्कारबरोला. एरवी हे दोघे कौंटीसाठी एकाच संघात खेळायचे, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. लॉर्ड्सवर हौशी खेळाडू लाँग रूममधून मधल्या फाटकानं मैदानात उतरायचे आणि पगारी खेळाडू बाजूच्या फाटकानं. दोघे एकत्र सलामीला जायचे असले तरी निघायचे दोन ठिकाणांहून आणि भेटायचे हिरवळीवर. प्लेअरनं जंटलमनला 'मिस्टर' म्हणायचं; जंटलमननं प्लेअरला नुसत्या आडनावानं हाक मारायची. १९५० साली सतरा वर्षांचा फ्रेड टिटमस लॉर्ड्सवर खेळायला उतरला, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून चूक दुरुस्त करण्यात आली: पत्रकात 'एफ. जे. टिटमस' छापलं आहे, ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. टिटमस पगारी होता. भर मैदानात, हजारो लोकांसमोर, एका पोराची दोन अक्षरं उचलून आडनावाच्या पलीकडे नेऊन ठेवली.

हौशी म्हणजे पैसे न घेणारा, असं आपण समजतो. ते खरं नव्हतं. डब्ल्यू. जी. ग्रेस हौशी होते. १८७३-७४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना १५०० पौंड मिळाले आणि त्यांच्याबरोबरच्या पगारी खेळाडूंना प्रत्येकी १७०. पुढच्या काळात कौंट्यांनी आपल्या हौशी खेळाडूंना क्लबचं चिटणीसपद देऊन त्या नावाखाली पगार सुरू केला. तेव्हा भेद होता तो घरंदाजपणाचा. आणि हौशी राहायला घरात मुळात पैसा लागायचा, हेही खरं. शनिवारी रग्बी खेळायला गेला तर खाणकामगाराची त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यायची की नाही, या वादातून १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब एकत्र आले आणि रग्बीचे दोन तुकडे झाले. दोन्ही रग्बी आजही वेगळ्या आहेत.

इंग्लंडचं कप्तानपद तर हौशी खेळाडूंसाठी जणू राखीवच होतं. पगारी माणूस इंग्लंडचा कप्तान होण्याची वेळ देवानं कधी आणू नये, असं लॉर्ड हॉक १९२५ साली यॉर्कशायरच्या सभेत उघडपणे म्हणाले. वॉली हॅमंड हा त्या काळचा इंग्लंडचा सगळ्यात मोठा फलंदाज. पण तो पगारी. त्यानं टायरच्या कंपनीत नोकरी धरली, स्वतःला हौशी म्हणवून घेतलं आणि १९३८मध्ये तो कप्तान झाला. त्याची बॅट तीच होती.

आता हॅरॉल्ड लारवूडकडे येतो. या माणसासाठी मी दोनदा नॉटिंगहॅमला गेलो आहे.

लारवूडचा जन्म १९०४चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या नंकारगेट या खाणगावातला. बाप खाणकामगार. चौदाव्या वर्षी हॅरॉल्ड खाणीत तट्टं हाकायच्या कामाला लागला. पुढे नॉटिंगहॅमशायर कौंटीत शिरला आणि जगातला सगळ्यात वेगवान गोलंदाज झाला. डग्लस जार्डिन यांचा जन्म आपल्या मुंबईतला, १९०० साली, मलबार हिलवरचा. वडील बॅरिस्टर. शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डला. १९३२-३३च्या हिवाळ्यात दोघे एकाच संघात ऑस्ट्रेलियाला गेले. डॉन ब्रॅडमनला रोखायला जार्डिननं शरीरवेधी गोलंदाजीची आखणी केली आणि ती लारवूडनं अमलात आणली. लारवूडनं मालिकेत ३३ बळी घेतले. शेवटच्या कसोटीत त्याच्या पायाचं हाड मोडलं, तरी ब्रॅडमन खेळपट्टीवर असेपर्यंत कप्तानानं त्याला मैदान सोडू दिलं नाही.

त्याच संघात गबी ॲलन होता. तोही वेगवान. ईटन आणि केंब्रिजचा. त्यानं कप्तानाला तोंडावर सांगितलं की मी असली गोलंदाजी करणार नाही. त्यानं केली नाही, आणि तरी तो पाचही कसोट्या खेळला. पतौडीच्या नवाबांनी लेगसाइडच्या सापळ्यात क्षेत्ररक्षण करायला नकार दिला. त्यांना दोन कसोट्यांनंतर वगळलं, पण त्यांचं पोट काही त्यावर अवलंबून नव्हतं. लारवूड नाही म्हणू शकला असता का? मी या प्रश्नावर वर्षानुवर्षं विचार केला आहे आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. नकार देण्याची ऐपत असणं हाच वर्गाचा खरा फायदा आहे.

ऑस्ट्रेलियाशी संबंध बिघडले, तेव्हा लारवूडला माफी मागायला सांगण्यात आलं. कप्तानानं सांगितलं तेच मी केलं, माफी कसली, म्हणून त्यानं नकार दिला. तो इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. जार्डिन मात्र लगेच पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडचे कप्तान म्हणून भारतात आले आणि डिसेंबर १९३३मध्ये, भारतातल्या पहिल्यावहिल्या कसोटीत, बॉम्बे जिमखान्यावर, आपल्या जन्मगावी नाणेफेकीला उतरले. लाला अमरनाथ यांच्या शतकामुळे आपल्याला ती कसोटी आठवते. मला ती लारवूडच्या गैरहजेरीमुळेही आठवते. ॲलन पुढे इंग्लंडचा कप्तान झाला, निवड समितीचा अध्यक्ष झाला, 'सर' झाला. लारवूडनं ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवलं आणि १९५० साली बायकापोरांना घेऊन तो ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघाला. बोट होती 'ऑरॉन्टेस'. १९३२मध्ये इंग्लंडचा संघ हीच बोट घेऊन गेली होती. ज्यांच्या अंगावर त्यानं चेंडू टाकले होते, त्यांनीच सिडनीत त्याला आधार दिला.

जार्डिनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो: त्यांनी लारवूडला कधी अंतर दिलं नाही. मालिकेनंतर त्यांनी त्याला चांदीचं रक्षापात्र भेट दिलं, 'कृतज्ञ कप्तानाकडून' असं कोरून. लारवूडनं ते अखेरपर्यंत जपलं. त्याला खाली ढकललं ते जार्डिनच्याही वर बसलेल्यांनी.

१९५२च्या हेडिंग्ली कसोटीचं नाव काढलं की आपली मान खाली जाते. दुसऱ्या डावात भारत शून्यावर चार बाद. त्या चारांत आपले माधव मंत्री आणि विजय मांजरेकरही होते, आणि कप्तान विजय हजारे पॅड बांधून मैदानात येत होते. पण त्याच सामन्यात इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये केवढी उलथापालथ झाली, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. लेन हटन त्या सामन्यापासून विसाव्या शतकातला इंग्लंडचा पहिला नियमित पगारी कप्तान झाला. हॅमंडसारखं हौशी हो, असं त्यालाही सुचवलं गेलं होतं. त्यानं ते मानलं नाही. चारांपैकी तीन बळी घेणारा फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता, आणि तो यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा मुलगा. हटन पुढच्या वर्षी ॲशेस जिंकला. तरी त्याच्या स्वतःच्या यॉर्कशायर कौंटीनं त्याला कप्तान केलं नाही.

हे वाचताना दलित गोलंदाज पालवणकर बाळूंची आठवण आली नाही असा मराठी वाचक विरळा. पुण्याच्या इंग्रज क्लबात साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करणारा हा माणूस हिंदूंच्या संघात आला, तेव्हा त्याला चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं सगळ्या सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. त्या संघाचे कप्तान होते पतियाळाचे महाराज. जात आणि वर्ग एक नव्हेत. टिटमसच्या हातचं पाणी कुणी नाकारलं नव्हतं. पण 'तुझा चेंडू हवा, तू नको' ही वागणूक दोन्हीकडे सारखी होती.

१९६२च्या नोव्हेंबरात भेद रद्द झाला. १९६३च्या हंगामापासून सगळे नुसते क्रिकेटपटू. मग वर्ग गेला का? २०१९च्या एका अहवालानुसार ब्रिटनमधली सात टक्के माणसं खासगी शाळेत शिकलेली आहेत, पण वरिष्ठ न्यायाधीशांत त्यांचं प्रमाण पासष्ट टक्के आणि इंग्लंडच्या पुरुष क्रिकेट संघात त्रेचाळीस टक्के. फुटबॉल संघात मात्र पाचच टक्के. कारण उघड आहे. फुटबॉलला एक चेंडू आणि गल्ली पुरते. क्रिकेटला रोलर फिरवलेली खेळपट्टी, नेट, प्रशिक्षक लागतो, आणि हे सगळं भरमसाट फी घेणाऱ्या शाळांत आहे. कित्येक सरकारी शाळांची मैदानं विकली गेली. २००५च्या ॲशेसनंतर कसोटी सामने टीव्हीवर फुकट दिसायचे बंद झाले. जो रूटसुद्धा शेफील्डच्या सरकारी शाळेतून क्रिकेटच्या शिष्यवृत्तीवर खासगी शाळेत गेला. २०२३ साली इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानंच नेमलेल्या स्वतंत्र आयोगानं या खेळात वर्गभेद खोलवर मुरला आहे, असं स्पष्ट लिहिलं. लॉर्ड्सचं बाजूचं फाटक बंद झालं. ते आता शाळेच्या दाराशी उभं आहे.

लंडनला जाणारे आपले लोक लॉर्ड्सची सहल करतात, लाँग रूममध्ये उभे राहतात, बाल्कनीखाली फोटो काढतात. जरूर जा. पण एक दिवस हाताशी ठेवा आणि नॉटिंगहॅमहून रॉबिनहूड लाइनची गाडी धरून कर्कबी-इन-ॲशफील्डला उतरा. अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास. गावात लारवूडचा पुतळा आहे, आणि तो पाहायला तिकीट लागत नाही.