कोर्टातली पेशी आणि कापसातली पेशी

वऱ्हाडात कुणी 'पेशी' म्हटले की वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी येते ती कोर्टाची तारीख. ''उद्या माही पेशी हाय अकोल्याले,'' असे सांगणारा माणूस बांधाच्या नाहीतर वाटणीच्या दाव्यातला असतो. त्याचीच नात आठवीत जाते, विज्ञानाच्या पुस्तकातला 'पेशी व पेशीअंगके' हा धडा उघडते आणि ओसरीवर बसून मोठ्याने पाठ करते की, पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक घटक आहे. आजोबा ऐकतात आणि शाळेतले असेल काहीतरी म्हणून सोडून देतात. नातही त्यांना समजावून सांगायला जात नाही. हे आजोबांना सांगण्याजोगे काही आहे, असे तिला कुणी सुचवलेलेच नसते.

आता गंमत पाहा. ओसरीच्या कोपऱ्यात वेचणीचा कापूस रचलेला असेल, तर त्या ढिगात पेशी डोळ्यांनी दिसते. सरकीला चिकटलेला रुईचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. बियाच्या सालीवरची एखादी पेशी फुलोऱ्याच्या दिवशी लांबू लागते, आणि जवळजवळ तीन आठवडे नुसती लांबतच राहते. रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी आणि लांबी इंचभर, म्हणजे रुंदीच्या हजारपटीहून अधिक! मग आतून तिच्या भिंतीवर सेल्युलोजचे थर बसत जातात. बोंड फुटते तेव्हा आतला जिवंत ऐवज वाळून जातो आणि पाणी काढून घेतलेल्या रबरी नळीसारखी ती चपटी होऊन पीळ खाते. त्या पिळामुळेच सूत कातता येते. आपण अंगावर घालतो तो सदरा म्हणजे कोट्यवधी मृत पेशींच्या भिंती. असे असताना अकोला-अमरावतीची मुले पेशी बघतात ती कांद्याच्या पापुद्र्यात, तीही प्रयोगशाळेचे कुलूप उघडले तर. कांद्याशी माझे वैर नाही. पापुद्र्यातली पेशी सुबक दिसते आणि तिचे केंद्रकही रंगवून दाखवता येते. पण घरातल्या पेशीचा उल्लेखही होऊ नये, याचे नवल वाटते.

याचे कारण मला मुलांच्या वह्यांत सापडते. आमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलीची वही मी मुद्दाम मागून चाळली. आकृती अशी सुरेख, की छापलेली वाटावी. खाली उत्तर होते : तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे. तिच्या मैत्रिणीच्या वहीतही तेच वाक्य आणि तोच स्वल्पविराम. बँकेत असताना पीक पाहणीचे अहवाल माझ्यापुढे यायचे, त्यांची आठवण झाली. 'पीक समाधानकारक, परतफेडीची क्षमता आहे' हे एकच वाक्य दहा गावांच्या दहा अहवालांत असायचे आणि त्यातल्या दोन गावांत त्या वर्षी पेरणीच उलटलेली असायची. माणूस वावरात न जाता अहवाल लिहू शकतो. तसेच पोरगी पेशीत न शिरता पेशीवर पाच गुण मिळवू शकते.

यावर एक साधा इलाज काही शिक्षक करतात, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आठवड्यातून एकदा मुलांनी शिकलेले आपल्या शब्दांत एक पानभर लिहायचे, आणि कुणासाठी लिहितो ते आधी ठरवायचे. आजोबांसाठी, गैरहजर राहिलेल्या मित्रासाठी, पाचवीतल्या भावासाठी. बोलीत लिहिले तरी चालेल. शेजारच्या मुलाने ते वाचून खाली एक प्रश्न लिहायचा आणि लिहिणाऱ्याने पुढच्या आठवड्यात त्याचे उत्तर द्यायचे. पुस्तकातली संज्ञा शेवटी यायचीच, कारण बोर्डाची परीक्षा कुणाला चुकलेली नाही. पण ती आपल्या शब्दांच्या मागून यायची.

कुणाला हे नव्या जमान्याचे खूळ वाटेल, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटले, हे पुस्तकात असते. त्याच काळात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडातले सूत तपासायला भिंग वापरणाऱ्या या माणसाने स्वतः घासलेल्या इवल्या भिंगांतून पाण्याचा थेंब, रक्त, दातावरचे कीट असे काय काय पाहिले. विद्वानांची लॅटिन त्याला येत नव्हती. १६७३ पासून पुढे पन्नास वर्षे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली ती आपल्या डच मातृभाषेत. ग्रंथ लिहायला तो बसलाच नाही. जे दिसले ते न पाहिलेल्या माणसाला कळेल असे लिहायचे, ही त्याची रीत. सूक्ष्म जीवांचे जग माणसाला कळले ते एका कापडवाल्याच्या पत्रांतून!

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. मेळघाट ओलांडून बैतूलच्या पुढे गेले की होशंगाबाद लागते, आताचे नर्मदापुरम. तिथे १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. मुलांनी प्रयोग करायचा, दिसले ते स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवायचे आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायचे. 'सवालीराम' या कल्पित गृहस्थाला मुले पत्रांतून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरे जायची. २००२ साली तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला. ते का झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय. इकडे महाराष्ट्रात, १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात काम केले. केंद्राचे व्ही. जी. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पुस्तकाची भाषा सोपी केली तर त्याच मुलांना तेच विज्ञान अधिक कळते. अडत होते ते भाषेपाशी.

आता आपल्या मातीतला मजकूर घ्या. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, हे बाळापूरच्या मुलाने आपल्या शब्दांत लिहायचे तर तो लिहील की ते पेशीतले पारस. पारसचे औष्णिक वीज केंद्र त्याच्याच तालुक्यात आहे. उपमा छान आहे. पण खाली शेजाऱ्याचा प्रश्न येईल की, पारसला कोळसा लागतो, मग हिला काय लागते? साखर आणि प्राणवायू. दुसरा विचारील की, पारस एकच आहे, मग पेशीत किती? शेकडो असू शकतात. ज्या पेशीला काम जास्त, तिच्यात त्या जास्त. आणि विजेच्या तारा कुठे आहेत? तारा नाहीत. ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंत भरून जागच्या जागी वापरली जाते. उपमा इथे मोडली, आणि मोडली म्हणून मूल पुढे सरकले. घोकलेल्या वाक्याला अशा फटीच नसतात.

खारपाणपट्ट्याची गोष्ट तर याहून जवळची. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. ते पिकाला दिले की पीक कोमेजते, हे दर्यापूर-तेल्हाऱ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाण्यात उभे राहून रोप तहानते, ते का? पुस्तक म्हणते परासरण, अतिपरासारी द्रावण, रससंकोच. शब्द अचूक आहेत, पण दाताखाली खडा यावा तसे. त्याच मुलाला घरी लिहून सांगायला लावा. तो आईच्या लोणच्यापासून सुरुवात करील. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे पेशीचा पडदा ओलांडून जाते. मुळातला रस जमिनीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून एरवी पाणी आत शिरते. जमिनीतले पाणीच तेवढे खारट झाले तर ते आत कशाला येईल? (खारट पाण्याने आपली काळी माती चिकट होऊन बसते, हे संकट निराळे.) हे वाचून आजोबा काहीतरी बोलतील, एवढे नक्की. आजोबांनी उभ्या आयुष्यात पाहिलेल्या गोष्टीचे कारण नातवाच्या वहीत पहिल्यांदा लिहिलेले असेल.

अडचणी आहेत. वर्गात साठ मुले असतात आणि शिक्षकाला जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सारी कामे असतात. साठ पाने दर आठवड्याला तो वाचू शकत नाही. पण रोज पाच वाचली तर बारा शाळादिवसांत साऱ्यांची पाळी येते, आणि उरलेले शेजारी वाचतातच. आपल्या शब्दांत मुले चुकीचेही लिहितात, हा आक्षेप खरा आहे. मात्र चूक कागदावर आली तर दिसते. पाठांतरात ती दडून राहते.

ही दडलेली चूक किती महाग पडू शकते, ते सिकलसेलकडे पाहिले की कळते. धारणी-चिखलदऱ्यापासून पूर्व विदर्भापर्यंत हा आजार अनेक घरांत आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे, त्यातला सहावा बदललेला, एवढेच. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी इळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि जी सुमारे १२० दिवस जगायची ती दहा-वीस दिवसांत संपते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांत तपासणी होते आणि कार्ड मिळते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे दहावीच्या मुलाला तोंडपाठ करता येते.

त्याला म्हणा, हे मावशीला पत्रात लिही. पुष्कळ मुले लिहितील की चार मुलांपैकी एकाला आजार होईल, मोठ्याला झाला आहे, तेव्हा आता पुढच्या तिघांना भीती नाही. गणित बरोबर आणि अर्थ उलटा! प्रत्येक बाळंतपणात शक्यता नव्याने तेवढीच असते, आधी काय झाले याचा तिच्याशी संबंध नसतो. रिकामी जागा भरा, जोड्या लावा, यांत ही गफलत सापडत नाही. ती सापडते त्या पत्रात, आणि शिक्षकाने तिथे लाल शाईने खूण केली की पोराला ते पत्र पुन्हा लिहावे लागते, मावशीकडे जाण्याआधी.