पहाटे बगळे जमले तर आधी पाणी बघा



पाऊस संपता संपता आपल्या एका सभासदाच्या खाजनातल्या तळ्यावर भल्या पहाटे बगळे आणि पाणकावळे तुटून पडले. त्यांनी फटाके फोडले, डबे वाजवले. पाखरं उडाली आणि परत येऊन बसली. दुपारपर्यंत शेवटे आणि काळुंदरं पोट वर करून तरंगायला लागली. फोनवर त्यांचा एकच सूर, पाखरांनी वाट लावली, काहीतरी औषध घालतो आता.

आम्ही कमिटीचे चौघे जाऊन आलो. पाणी हिरवंगार झालेलं, दोन दिवस ढगाळ हवा, मानस बंद, आणि खाद्य नेहमीएवढंच टाकलेलं. मेलेल्या माशांवर चोचीची खूण क्वचितच. मासे पाखरांनी मारले नव्हते, गुदमरून मेले होते.

हे कसं होतं ते समजून घ्या. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजका गाळ मिळून तो संपवतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात ढगाळ दिवस आले की दिवसाची भर पडत नाही. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि वर आलेला मासा पकडणं बगळ्याला सोपं. त्याला हे आपल्या आधी दिसतं. रोज चार-पाच बगळे बसतात तिथे एका पहाटे पन्नास बसले, तर फटाका शोधू नका, काठावर जाऊन मासे बघा. वर येत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद. एरेटर असेल तर लावा, नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा. भरती चढत असेल तर मानशीची फळी उचलून नदीचं ताजं पाणी आत घ्या, फक्त तोंडाला जाळी लावायला विसरू नका, नाहीतर पाणी आत आणि चोणक बाहेर! भरतीची वेळ मोबाईलवर मिळते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारली तरी चालते.

आता पाखरं मासे खातच नाहीत असं आम्ही म्हणत नाही. पाणकावळा खातो, बुडी मारून खातो, आणि बोटभर पिल्लं सोडलेल्या उथळ तळ्यात त्याच्यासारखा चोर नाही. पंख पसरून मानशीवर बसलेला दिसतो ना, तो मस्तीत नसतो. त्याचे पंख पाण्याने भिजतात, ते वाळवल्याशिवाय त्याला भागत नाही. कवड्या धीवर हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि सूर मारतो, तोही मासेखाऊच. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. गुरांच्या मागे फिरणारा आखूड पिवळ्या चोचीचा गायबगळा मुख्यतः टोळ-किडे खातो. ढोकरीला मासळीबरोबर बेडूक, किडे, कुर्ल्याही लागतात. निळ्या पाठीचा, पांढऱ्या गळ्याचा मोठा खंड्या तर सरडे आणि किडेसुद्धा उचलतो. तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार बऱ्याचदा मेलेला, टाकलेला मासा नेते. थंडीत चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या तुताऱ्या तुमच्या माशांकडे बघतही नाहीत, त्यांना चिखलातले किडे हवे असतात.

पिल्लांचं तळं मात्र राखायलाच हवं. एका बाजूला खोल चर ठेवा आणि त्यात झाडाच्या फांद्या टाका, पिल्लांना लपायला जागा होते. बोटभर पिल्लांपेक्षा थोडी वाढवलेली पिल्लं मोठ्या तळ्यात सोडली तर नुकसान कमी. फटाक्यांना पाखरं थोड्याच दिवसांत सरावतात, पैसे तेवढे जळतात.

जाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चूक इथेच होते. बारीक, न दिसणारं नायलॉनचं जाळं तळ्यावर सैल टाकलं की पाखरू त्यात अडकून मरतं, सडतं, आणि ते पाणी आपल्याच माशांना. जाळं जाड दोरीचं, रंगीत, घट्ट ताणलेलं आणि पाण्यापासून वर असू द्या. पाखराला दिसलं की ते उतरत नाही.

पाणमांजराचा विषय निघाला की सभेत आवाज चढतो. जुनी माणसं त्याला ऊद म्हणतात. उदमांजर वेगळं, ते झाडावर चढणारं. पाणमांजर कुटुंबाने फिरतं, बांधावर ठरलेल्या जागी विष्ठा टाकतं, आणि त्यात खवले, काटे, कुर्ल्यांची कवचं दिसतात. लावलेल्या जाळ्यातला मासा ओढताना जाळं फाडतं, हे खरं आहे, आणि जाळं फुकट येत नाही. पण ते पाण्याखाली श्वास घेऊ शकत नाही. बुडालेल्या जाळ्यात अडकलं की काही मिनिटांत मरतं. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका जाळ्यात एक मादी मेलेली सापडली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण त्या दिवशी जाळं उचलताना कुणी बोललं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पाणमांजराला संरक्षण आहे, मारणं आणि विष घालणं हा गुन्हा. विष घातलेलं पाणी ओहोटीला मानशीतून नदीत जातं, तिथे दुसऱ्याची सुंगटं असतात, हेही लक्षात ठेवा. पिल्लांच्या तळ्याला कंबरभर उंच तारेची जाळी करा, खालची कड मातीत पुरा, कारण ते उकरतं.

आपल्या वाडवडिलांनी तर मगरीबरोबर दिवस काढले. कुंभारजुवे कालव्याच्या खाऱ्या पाण्यात मगरी आजही आहेत. दुर्भाट-बोरीच्या भागात पौषाच्या अवसेला बांधाजवळ चिखलाची मगर करून पुजतात, ती मानगे थापणी. आता त्याच मगरी दाखवायला होड्या जातात आणि त्यावर काही घरं चालतात. चोडणला १९८८ साली झालेलं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. रायबंदरहून फेरीने लोक येतात, पाखरं बघून जातात. ज्यांच्याकडे लहान होडी आहे त्यांनी हिवाळ्यातला हा धंदा मनात धरावा. परवाना आणि लाइफ जॅकेट आधी, गिऱ्हाईक मग.

फाटकी जाळी कांदळात किंवा बांधावर टाकू नका, ती तिथेही पाखरं धरत राहतात. संस्थेच्या शेडमध्ये आणून द्या, मागच्या बाजूला जागा केली आहे. आणि पहाटे तळ्यावर पाखरांची गर्दी दिसली तर ग्रुपवर फोटो टाका, पण आधी पंप चालू करा.