फळ्यापासून मुलापर्यंत : विद्यार्थिकेंद्री शिक्षणातील शिक्षक

कृती आणि शोध यांतून, बालककेंद्री पद्धतीने शिक्षण मिळावे अशी अपेक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शब्दबद्ध केली असली, तरी महाराष्ट्रात या विचाराची मुळे बरीच जुनी आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया आणि खडे यांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाने शाळेच्या सोयीने वागावे हा शिरस्ता येथे पार उलटला.

पुढे ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल पूर्वानुभवाच्या आधारे स्वतःच ज्ञान रचते हा विचार, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून शाळांपर्यंत आला. साताऱ्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटात, तो जिल्हा परिषदेच्या वर्गांत प्रत्यक्ष उतरला आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर मुलांना शिकण्यासाठी रंगवलेल्या वर्गांच्या फरश्या गावोगावी दिसू लागल्या. मात्र फरशी रंगवणे सोपे, त्या फरशीवर बसलेले मूल काय विचार करते आहे हे ओळखणे अवघड, आणि शिक्षकाची बदललेली भूमिका नेमकी या अवघड भागात आहे.

५२ मधून २७ वजा करून एखादे मूल ३५ लिहिते, तेव्हा त्यावर लाल फुली मारून शिक्षक पुढे जाऊ शकतो. परंतु ‘कसे केलेस?’ असे विचारले, तर मुलाने एककाच्या घरात सातातून दोन वजा केले आहेत, म्हणजे मोठ्यातून लहान जाते हा नियम त्याने आपल्या परीने इमानाने पाळला आहे, हे कळते. अशा वेळी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या त्याच्या हाती दिल्या, की सात काड्या काढण्यासाठी एक गठ्ठा सोडावाच लागतो हे त्याचे त्यालाच उमगते. येथे शिक्षक बोलतो कमी, पण त्याला गणित आणि मूल ही दोन्ही अधिक खोलवर ठाऊक असावी लागतात; म्हणूनच ‘सुलभक’, म्हणजे शिकणे सुलभ करणारा शिक्षक, केवळ बाजूला उभा राहतो, हा समज घातक आहे.

२०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या सर्वांगीण पडताळणीचा, हेतू असेच निरीक्षण टिपण्याचा होता, परंतु साच्यातील नोंदी उतरवून काढण्याची सवय जेथे लागली तेथे तो कागदावरच राहिला. त्याचा सगळा दोष शिक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकाकडे ठेवली आहेत, आणि द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोघांनाच सांभाळावे लागतात. तेथे एका मुलाशेजारी बसून गठ्ठा सुटेपर्यंत थांबण्याइतका वेळ शिक्षकाला मिळवून देणे, ही प्रशिक्षणाच्याही आधीची गरज आहे.