सहलीच्या उन्हात नातवंडाला जपताना

गेल्या वर्षी मे महिन्यात ६८ वर्षांच्या एक आजी आपल्या अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मूल हसतखेळत होते, तपासणीत काहीही वावगे आढळले नाही. आजींचा चेहरा मात्र उतरलेला होता. आदल्या दिवशी सारे कुटुंब एका थीम पार्कच्या सहलीला गेले होते. दुपारी बाराच्या सुमारास नातू बाबागाडीतच झोपी गेला. ऊन लागू नये म्हणून सर्वांच्या संमतीने बाबागाडीवर जाडसर ओढणी पांघरली गेली. आई-वडील मोठ्या मुलीबरोबर पाळण्याच्या रांगेत उभे राहिले आणि आजी बाबागाडीशेजारी बसून राहिल्या.

तासाभराने त्यांना चुकल्यासारखे वाटू लागले. पोर एवढा वेळ कूससुद्धा कसे बदलत नाही? त्यांनी ओढणीखाली हात घातला. मानेला चटका बसावा इतकी उष्णता जाणवली. केस घामाने चिंब झाले होते, चेहरा लालबुंद होता आणि सकाळी आठ वाजता बांधलेला डायपर अजून कोरडाच होता. "झोपू द्या हो, दमलाय तो," असे सोबतच्या नातेवाइकांनी सांगितले. पण आजींनी ऐकले नाही. त्यांनी त्याला उचलून वातानुकूलित उपाहारगृहात नेले, अंगावरचे कपडे काढले, ओल्या पंचाने अंग पुसले, वारा घातला आणि जागा होताच चमच्याचमच्याने पाणी पाजले. अर्ध्या तासाने तो नीट ओळखू लागला, आणखी काही वेळाने लघवीही झाली.

"डॉक्टर, मी आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिले असते, तर?" हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना ठाऊक होते, म्हणूनच त्या आल्या होत्या. सुट्टीत नातवंडांबरोबर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना ते ठाऊक असावे, यासाठी हा लेख.

लहान मूल लवकर का तापते?

खोपोलीचे इमॅजिका असो वा गोराईचे वॉटर किंगडम, अशा ठिकाणी सर्वाधिक गर्दी शाळांच्या सुट्टीत, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यात होते. मोठी भावंडे पाळण्यांवर जातात आणि एक ते तीन वर्षांचे मूल वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन होते. नेमके हेच मूल उष्णतेपुढे सर्वांत दुबळे असते.

वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे भोवतालची हवा शरीरापेक्षा तप्त असली, की ते मोठ्या माणसापेक्षा वेगाने उष्णता शोषून घेते. त्याची घाम गाळण्याची क्षमता अपुरी असते, धावपळ मात्र अखंड चालू असते. शिवाय "मला गरगरते आहे" किंवा "घसा कोरडा पडला आहे" हे त्याला सांगता येत नाही. ते किरकिर करते आणि आपण तिला हट्ट समजतो. नंतर ते गप्प होते आणि आपण त्याला झोप समजतो.

कोकणपट्टीत दमट हवेची भर पडते. घाम गळल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. हवेत आधीच बाष्प असले, की घाम अंगावरून नुसता ओघळतो. म्हणूनच भारतीय हवामानशास्त्र विभाग मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर करतो, किनारपट्टीत मात्र तो ३७ अंशांपासूनच करतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. "आज काही फार ऊन नाही" हा अंदाज केवळ आकड्यावरून बांधू नये.

सावली हवी, पण वाराही हवा

ओढणीने आजींच्या नातवाचे ऊन अडवले खरे, परंतु वाराही अडवला. झाकलेल्या बाबागाडीत मुलाच्या शरीरातून निघणारी उष्णता आणि बाष्प कोंडून राहते व आतली हवा बाहेरच्यापेक्षा अधिक तापते. बाबागाडीला तिचे स्वतःचे छत्र असावे किंवा वरून छत्री धरावी. चारही बाजूंनी कापड सोडू नये. झोपलेले मूल सदैव आपल्या नजरेसमोर असावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्या मानेला व पाठीला हात लावून पाहावा. हातापायांच्या स्पर्शावर विसंबू नये.

कपडे सैल, सुती आणि फिकट रंगाचे असावेत. टोपी रुंद काठाची असावी व सावलीत येताच काढावी, कारण डोक्यावाटेही पुष्कळ उष्णता बाहेर पडते. जलक्रीडेच्या ठिकाणी बहुधा नायलॉनचाच पोशाख सक्तीचा असतो. पाण्यातून बाहेर येताच तो उतरवून कोरडा सुती सदरा घालावा. उघड्या अंगावर बालकांसाठीचे, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे.

उन्हात तापलेल्या लोखंडी घसरगुंडीवर, रबरी फरशीवर किंवा मोटारीतील पट्ट्याच्या धातूच्या कडीवर कोवळी कातडी क्षणात भाजते. मुलाला बसवण्यापूर्वी आपल्या हाताचा मागचा भाग तेथे टेकवून पाहावा.

तहान लागण्याची वाट पाहू नये

खेळात रमलेले मूल पाणी मागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी, न विचारता, चार-पाच घोट पाजावेत. साधे पाणी सर्वोत्तम. घरचे ताक, शहाळ्याचे पाणी, पातळ पन्हे किंवा कोकम सरबत अधूनमधून द्यायला हरकत नाही. मात्र ताक किंवा दूध तासाभराहून अधिक काळ पिशवीत तापत राहिले असेल, तर ते देऊ नये. फसफसणारी शीतपेये आणि गोड डबाबंद रस टाळावेत. उघड्यावरचा बर्फ घातलेली सरबते तर नकोतच.

क्षारसंजीवनीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. खातेपिते मूल थोडेसे घामाघूम झाले, तर त्याला पाणी आणि नेहमीचे जेवण पुरते. उलट्या-जुलाब झाले किंवा घाम फार गेला असेल, तर ओआरएस द्यावे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजाने घालू नये. पाकीट नसेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण काटेकोरपणे पाळावे. ओआरएससारखे नाव धारण करणारी गोड पेये काही वर्षे दुकानांत खपत होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवल्याचा उल्लेख पाहूनच पाकीट घ्यावे.

पाणी पुरेसे आहे की नाही, हे ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे डायपर. शेवटचा ओला डायपर केव्हा बदलला, ते लक्षात ठेवावे. सहा तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद पिवळी असेल, तर शरीर कोरडे पडू लागले आहे, असे समजावे. पाण्यात डुंबणाऱ्या मुलालाही शोष पडतो, हे विसरू नये. त्याचबरोबर हेही विसरू नये, की एवढे लहान मूल वीतभर पाण्यातसुद्धा बुडू शकते आणि बुडताना ते ओरडत नाही. पाण्याजवळ एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहायचे आणि त्या वेळी मोबाईल पिशवीत ठेवायचा.

दिवसाची आखणी

शक्य तितक्या सकाळी पोहोचावे. दुपारी बारा ते चार हा काळ वातानुकूलित प्रेक्षागृहात, उपाहारगृहात किंवा मुलाच्या झोपेसाठी राखून ठेवावा. रांगेत एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी थांबावे. गोराईला होडीने जाणाऱ्यांनी धक्क्यावर ताटकळण्याचा वेळही हिशेबात धरावा. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबण्याचा आग्रह दोन वर्षांच्या मुलाला परवडत नाही.

परतताना मोटारीची सर्व दारे उघडून तप्त हवा जाऊ द्यावी, वातानुकूलन सुरू करावे आणि मगच मुलाला बसवावे. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीतील तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही मुलाला तिच्यात एकटे ठेवू नये.

धोक्याची खूण पटल्यावर

चेहरा लाल होणे, किरकिर, मरगळ, ओठ सुकणे, मळमळ किंवा उलटी ही पहिली पायरी. अशा वेळी मुलाला ताबडतोब गार जागी न्यावे, कपडे काढावेत, साध्या पाण्याने अंग ओले करून पंख्याचा वारा द्यावा आणि थोडे थोडे पाणी पाजावे. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

मूल हाकेला ओ देत नसेल, ओळखत नसेल, असंबद्ध वागत असेल, त्याला झटका आला असेल किंवा शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइट) वर गेले असेल, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असली पाहिजे, असे नाही. घाम असतानाही उष्माघात होतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थंडावा देणे क्षणभरही थांबवू नये. अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा व जांघांत ठेवावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

येथे घरोघरी एक चूक होते. "ताप आहे" म्हणून पॅरासिटामॉल पाजले जाते. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतील तापमानाचे नियंत्रण वर सरकलेले असते. ते खाली आणण्याचे काम हे औषध करते. उष्माघातात ते नियंत्रण मुळी वर गेलेलेच नसते. शरीर बाहेरून तापून त्या नियंत्रणाच्या हाताबाहेर गेलेले असते. तेथे या औषधाचा उपयोग नाही आणि मोलाचा वेळ मात्र वाया जातो. खिशात ठेवलेला कांदाही उन्हापासून रक्षण करत नाही. तो जेवणात असू द्यावा.

आणि सांभाळणाऱ्याचे काय?

त्या आजींना मी विचारले, "तुम्ही स्वतः दिवसभरात किती पाणी प्यायलात?" त्या ओशाळल्या. परक्या ठिकाणी वारंवार स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून त्यांनी सकाळच्या चहानंतर जेमतेम पेलाभर पाणी घेतले होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. त्यांना स्वतःलाच भोवळ आली असती, तर बाबागाडीकडे पाहणारे तेथे दुसरे कोणी नव्हते.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या व मानसिक आजारांच्या काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते. म्हणून सहलीपूर्वी आपल्या डॉक्टरांना औषधांच्या वेळांविषयी विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती किती शिथिल करायची, हेही विचारून घ्यावे. इतरांनी नातवाला पाणी पाजताना दोन घोट आपणही घ्यावेत. आणि मुलाला एकट्याने सांभाळण्याची जबाबदारी तासाभराहून अधिक काळ घेऊ नये. आलटून पालटून घ्यावी. यात संकोच कसला?

आजींच्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते असे, "ओढणी घातली ही चूक सर्वांची होती, ओढणीखाली हात घातला तो तुम्ही एकट्यांनी." त्या दिवशी चारजण "झोपू द्या" म्हणत होते. मुलाविषयी मनात शंकेची पाल चुकचुकली, तर ती बोलून दाखवावी, आणि कोणी ऐकले नाही तरी मुलाला उचलून सावलीत न्यावे. शंका खोटी ठरली, तर फार तर मुलाची झोप मोडेल.